पहिल्या पुस्तकाचं मुखपृष्ठ: रंग कसे ठरवावेत?

स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढणारे लेखक मजकुराची प्रुफं चार-चार वेळा तपासतात. मुखपृष्ठाचे रंग मात्र डीटीपीवाल्याच्या शेजारी बसून अर्ध्या तासात ठरतात. "हा निळा जरा आणखी उठावदार करा ना," असं म्हणत म्हणत काहीतरी पक्कं होतं. छापून आल्यावर तो निळा जांभळट निघतो, भगव्याचा विटकरी होतो आणि पुस्तकाचं नाव टेबलाच्या पलीकडून वाचता येत नाही. दर वेळी यात छापखान्याचीच चूक असते असं नाही. बहुतेकदा रंग उलट्या क्रमाने ठरवलेले असतात: आधी आवडता रंग, मग अक्षरं, आणि कागदाचा विचार सगळ्यात शेवटी.

क्रम असा असावा: पुस्तक कुठे दिसणार आहे, त्यातून कोणते रंग येतात, काय फिकं आणि काय गडद, आणि मग कागदावर ते कसे उतरतील. हे सगळं चित्रकला न येणाऱ्यालाही जमतं. डिझायनर नेमला असेल तरीही हे माहीत असलेलं बरं, कारण शेवटी होकार तुम्हालाच द्यायचा असतो.

पायरी १: पुस्तक कुठे दिसणार, ते लिहून काढा

आज नवं मराठी पुस्तक वाचकाला बहुधा पहिल्यांदा फोनवर दिसतं. व्हॉट्सॲपवर कोणीतरी पुढे पाठवलेलं चित्र, फेसबुकची पोस्ट किंवा बुकगंगा, ॲमेझॉनसारख्या साइटवरचा छोटा चौकोन. तिथे मुखपृष्ठ अंगठ्याच्या नखाएवढं असतं. साहित्य संमेलनाच्या ग्रंथप्रदर्शनात किंवा शाळेच्या पटांगणातल्या स्टॉलवर पुस्तकं टेबलावर आडवी मांडलेली असतात, वर ट्यूबलाइटचा पांढरा उजेड आणि शेजारी पन्नास दुसरी मुखपृष्ठं. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या दुकानात किंवा ग्रंथालयाच्या कपाटात तर फक्त कणाच दिसतो.

तुमच्या, समजा, तीनशे प्रती प्रामुख्याने यातल्या कुठे खपणार आहेत? प्रकाशन समारंभात आणि ओळखीच्यांत खपणार असतील तर नाजूक, हळुवार रंग चालून जातात, कारण पुस्तक हातात घेऊनच पाहिलं जातं. ऑनलाइन विक्रीवर भिस्त असेल तर त्या छोट्या चौकोनात जे दिसत नाही ते नाहीच असं समजा.

पायरी २: रंग हस्तलिखितातून उचला

"वाचकांना कोणता रंग आवडतो?" हा प्रश्न बाजूला ठेवा. तुमच्या पुस्तकात कोणते रंग आहेत, ते शोधा. हस्तलिखित घेऊन बसा आणि जिथे जिथे रंग, वस्तू, झाड, कपडा, उजेड आला आहे तिथे पेन्सिलने खूण करा. शेवटी या खुणांची यादी करा. सर्वांत जास्त वेळा आलेला रंग घ्यायचाच असं नाही; ज्या रंगाशी पुस्तकातली भावना जोडलेली आहे तो घ्यायचा.

एक उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू. समजा, तुमचं पुस्तक म्हणजे माणदेशातल्या मेंढपाळ घरातल्या बालपणाच्या आठवणी आहेत. पहिला विचार काय येतो? तडकलेल्या जमिनीचा फोटो, वर पिवळट आकाश. दुष्काळावरची इतकी मुखपृष्ठं अशी आहेत की तुमचं त्यात हरवून जाईल. आता हस्तलिखितातल्या खुणा पाहा: वडिलांची घोंगडी, चुलीचा धूर, बाभळीची गोल पिवळी फुलं, मेंढ्यांची मळकट पांढरी लोकर. यात तीन रंग आपोआप हाती आले: घोंगडीचा काळपट तपकिरी, बाभळीच्या फुलाचा पिवळा, लोकरीचा पांढरट. हे रंग दुसऱ्या कुणाच्या पुस्तकातून आलेले नाहीत आणि ते का निवडले, हे तुम्ही डिझायनरला एका वाक्यात सांगू शकता.

त्यानंतर तुमच्या प्रकारातली दहा-बारा मुखपृष्ठं दुकानात किंवा साइटवर शेजारी शेजारी पाहा. ऐतिहासिक कादंबऱ्यांत भगवा, लाल आणि सोनेरी, रहस्यकथांत काळ्यावर लाल, कवितासंग्रहांत फिके जलरंग, व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांत पांढऱ्या किंवा पिवळ्यावर ठळक अक्षरं, अशी वळणं दिसतील. वाचक या वळणांवरूनच पुस्तकाचा प्रकार ओळखतो, म्हणून ती पूर्ण मोडू नका. रहस्यकथेला अबोली आणि पोपटी दिलंत तर ती बालकथा वाटेल. पण वळण सांभाळूनही एखादा रंग स्वतःचा असावा. काळ्या-लाल रहस्यकथांच्या रांगेत काळा आणि मोरपिशी वेगळा उठून दिसतो.

पायरी ३: आधी फिकं-गडद, नंतर रंग

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि सगळ्यात जास्त लोक वगळतात तीही हीच. अक्षरं वाचली जातात ती रंगातल्या फरकामुळे कमी आणि उजळपणातल्या फरकामुळे जास्त. लाल आणि हिरवा हे रंग एकमेकांपासून कितीही वेगळे वाटले तरी दोघांचा गडदपणा जवळजवळ सारखा असेल तर हिरव्यावरचं लाल शीर्षक थरथरल्यासारखं दिसतं आणि डोळा त्यावर ठरत नाही. ज्यांना लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही अशा वाचकांना ते वाचणं फारच कठीण जातं.

हा फरक मोजता येतो. वेबसाइटवरचा मजकूर सर्वांना वाचता यावा यासाठीच्या जागतिक निकषांत एक गुणोत्तर दिलेलं आहे. साध्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ आणि मोठ्या अक्षरांसाठी किमान ३ : १. 'कॉन्ट्रास्ट चेकर' असं शोधलंत तर दोन रंग टाकून हे गुणोत्तर देणारी फुकट साधनं सापडतात. शुद्ध पिवळ्यावर पांढरी अक्षरं टाकली तर उत्तर जेमतेम १.०७ येतं. निळ्यावर लाल टाकलं तर २.१ च्या आसपास. मध्यम गडद हिरव्यावर लाल टाकलं तर १.३ सुद्धा नाही. शीर्षक मोठं असलं तरी मुखपृष्ठावर ४.५ च्या खाली जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे, कारण छपाईत आणि फोनवरच्या फोटोत यातला काही भाग गळतोच.

साधन वापरायचं नसेल तर आणखी सोपी चाचणी आहे. मुखपृष्ठाचं चित्र फोनमध्ये घ्या, फोटो संपादनात जाऊन ते पूर्ण कृष्णधवल करा आणि लहान करत न्या. शीर्षक आणि लेखकाचं नाव तरीही वाचता आलं तर पुढे जा. नाही आलं, तर कुठलाही नवा रंग ते वाचवू शकणार नाही. आधी एक बाजू गडद किंवा एक बाजू फिकी करा. ही चाचणी कृष्णधवल यासाठी की वर्तमानपत्रातल्या पुस्तक परिचयात तुमचं मुखपृष्ठ अनेकदा तसंच छापलं जाणार आहे आणि नेहमीच्या किंडलच्या पडद्यावर ते राखाडीच्या १६ छटांतच दिसणार आहे.

देवनागरीच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे, तो इंग्रजी मुखपृष्ठांवरच्या मार्गदर्शनात सापडत नाही. आपल्या अक्षरांना शिरोरेखा आहे. मागे डोंगराचा किंवा समुद्राचा फोटो असेल आणि क्षितिजाची रेघ नेमकी शीर्षकाच्या शिरोरेखेजवळून जात असेल, तर दोन्ही आडव्या रेघा एकमेकींत मिसळतात आणि शब्द लोंबकळल्यासारखा दिसतो. शीर्षक वर किंवा खाली सरकवा. रंग बदलून हे सुटत नाही. तसंच वेलांट्या, मात्रा, रफार यांच्या बारीक टोकांखाली फोटोतला फिका आणि गडद भाग आलटून पालटून येत असेल तर 'कि' आणि 'की' यांतला फरकही जातो. शीर्षकाच्या मागची जागा शांत, एकरंगी ठेवा.

पायरी ४: तीन रंगांवर थांबा

एक मोठा, एक त्याला तोलणारा, एक छोटासा उठाव देणारा. बस्स. दीनानाथ दलाल, बाळ ठाकूर यांच्या काळात ब्लॉकची छपाई होती. प्रत्येक जादा रंग म्हणजे एक जादा ब्लॉक आणि यंत्रातून आणखी एक फेरी. त्या अडचणीमुळे चित्रकार दोन-तीन रंगांत काम भागवत आणि एका शाईवर दुसरी चढवून तिसरी छटा मिळवत. आज संगणक लाखो रंग देतो, पण जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेलात तर ती दोन रंगांची मुखपृष्ठं लांबूनही कशी लक्ष वेधतात ते निरखून पाहा. नव्या लेखकाला याहून चांगली शिकवणी मिळणार नाही.

आपल्या माणदेशी उदाहरणात: संपूर्ण पार्श्वभूमी घोंगडीची तपकिरी, शीर्षक लोकरीच्या पांढरटात, आणि पिवळा फक्त एका जागी, बाभळीच्या फुलाच्या एका गोळ्यात. शीर्षकही पिवळं करावं असा मोह होईल. करून पाहा, वाचायला ते छानच लागेल. पण मग फुलाकडे लक्ष जाणार नाही. उठावाचा रंग जितका कमी, तितका तो जास्त काम करतो.

पायरी ५: रंग आपल्याकडे काय बोलतात, हे जाणून घ्या

महाराष्ट्रात काही रंग नुसते रंग राहिलेले नाहीत. भगवा वारीचा आहे, शिवकालाचा आहे आणि राजकारणाचाही. निळा आंबेडकरी चळवळीचा आहे. हिरवा चुड्याचा, शेताचा आणि इस्लामी परंपरेचाही. हळदीचा पिवळा जेजुरीचा भंडारा आठवून देतो. पुस्तकाचा विषयच यांपैकी असेल तर तो रंग मोकळेपणाने, भरपूर वापरा. विषय वेगळा असेल तर एवढंच ध्यानात ठेवा की संपूर्ण भगवं मुखपृष्ठ पाहून वाचक आत काय असेल याचा अंदाज आधीच बांधतो, आणि तो अंदाज खोडायला तुम्ही तिथे नसता. काळ्याला अशुभ म्हणणारे घरात भेटतील. त्यांना संक्रांतीच्या काळ्या साडीची आठवण द्या आणि पुस्तकाला हवा असेल तर काळा नक्की घ्या.

पायरी ६: स्क्रीनवरचा रंग कागदावर आणा

स्क्रीन उजेडातून रंग बनवते: लाल, हिरवा, निळा, म्हणजे आरजीबी. छापखाना चार शायांतून बनवतो: सायन (आकाशी निळा), मॅजेंटा (गडद गुलाबी), यलो (पिवळा) आणि ब्लॅक (काळा), म्हणजे सीएमवायके. उजेडात मिळणारे काही रंग शाईत नाहीतच. झगझगीत पोपटी, विजेसारखा निळा, फ्लोरोसंट गुलाबी आणि तेजस्वी केशरी हे त्यातले ठळक. ते छापताना मंदावतात आणि कुठलंही मशीन ते परत आणू शकत नाही. म्हणून फाइल पहिल्यापासून सीएमवायकेमध्येच बनवा. आपल्याकडचे बहुतेक डीटीपीवाले कोरल ड्रॉ या सॉफ्टवेअरवर काम करतात. त्यांना सुरुवातीलाच तसं सांगा. कॅनव्हा ही ऑनलाइन डिझाइनची साइट वापरत असाल तर सीएमवायके पीडीएफ पैसे भरून घेतलेल्या आवृत्तीत मिळते. स्क्रायबस हे फुकट सॉफ्टवेअर सीएमवायके हाताळतं. रंग ठरवताना स्क्रीनचा उजेड निम्म्यावर आणा आणि रात्रीचा पिवळट मोड बंद करा.

काही आकडे उपयोगी पडतात (सगळे शाईच्या टक्क्यांत; सी, एम, वाय ही शायांची आद्याक्षरं, के म्हणजे काळी शाई):

- निळा हवा असेल तर मॅजेंटा सायनपेक्षा निदान ३० ने कमी ठेवा. सी १०० आणि एम १०० दिलंत की जांभळा आलाच.
- मोठ्या काळ्या पार्श्वभूमीसाठी नुसता के १०० धुरकट दिसतो. सी ६०, एम ४०, वाय ४०, के १०० असा भरीव काळा घ्या.
- बारीक मजकुराला मात्र फक्त के १००. चार शायांत छापलेला बारीक मजकूर केसभर सरकला तरी अक्षरांना रंगीत सावली येते.
- चारही शायांची बेरीज आर्ट कार्डवर (कव्हराचा जाड, गुळगुळीत कागद) साधारण ३०० च्या आत ठेवा. त्यापुढे शाई वाळत नाही आणि वरच्या कव्हराच्या पाठीवर उतरते. डिजिटल मशीनची मर्यादा याहून कमी असू शकते, तेव्हा आधी विचारा.
- सोनेरी रंग चार शायांत मोहरीच्या पुडीसारखा दिसतो. खरं सोनेरी हवं असेल तर फॉइलचा, म्हणजे वर दाबून चिकटवलेल्या चमकत्या थराचा, वेगळा खर्च आहे.

आपला घोंगडीचा तपकिरी मी सी ६०, एम ६५, वाय ६५, के ६० असा घेईन, बेरीज २५०. बाभळीचा पिवळा एम २०, वाय ९५, सायन शून्य. पिवळ्यात सायनचा थेंबही गेला की तो हिरवट होतो. लोकरीचा पांढरट सी ३, एम ४, वाय १२.

आता यातला सगळ्यात फायद्याचा खर्च. एका पानावर आपल्या तीन रंगांचे चौकोन काढा. प्रत्येक रंगाचे सात-आठ चौकोन, दर चौकोनात एखादी शाई ५ किंवा १० ने कमी-जास्त, खाली आकडे लिहिलेले. हे पान ज्या छापखान्यात पुस्तक छापणार तिथेच, त्याच ३०० जीएसएम (कागदाचं वजन, दर चौरस मीटरला ग्रॅम) आर्ट कार्डवर छापून घ्या आणि त्यावर तेच लॅमिनेशन करून घ्या. मग ते पान खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात आणि नंतर ट्यूबलाइटखाली पाहा. तपकिरीचे काही चौकोन ट्यूबखाली हिरवट दिसतील, काही लालसर. दोन्हीकडे जो बरा दिसेल, त्याखालचे आकडे फाइलमध्ये टाका. स्क्रीनवर तो रंग तुम्हाला आता थोडा विचित्र वाटेल. वाटू द्या.

पायरी ७: लॅमिनेशन

ग्लॉस लॅमिनेशनमध्ये रंग गडद आणि ताजे दिसतात, पण स्टॉलवरच्या दिव्याखाली चकाकतात. मॅट दिसायला देखणं, हाताला मऊ. मात्र रंगांची धार थोडी कमी करतं आणि काळ्या-तपकिरीसारख्या गडद पार्श्वभूमीवर बोटांचे ठसे आणि ओरखडे लगेच दाखवतं. गठ्ठे बांधून एसटीने किंवा कुरिअरने प्रती पाठवणार असाल तर गडद मॅट कव्हर पोचेपर्यंत घासलेलं असतं. आपल्या तपकिरीला मी मॅटच देईन, पण प्रत्येक प्रतीवर पातळ प्लास्टिक पिशवी घालून. बिनलॅमिनेशनचं गडद कव्हर मात्र अजिबात नको. कण्याच्या घडीवर शाई तडकते आणि पांढरी रेघ उमटते.

पायरी ८: कणा, मलपृष्ठ, बारकोड

कण्याला वेगळा रंग देण्याची कल्पना आकर्षक असते. पण बाइंडिंगमध्ये एक-दोन मिलिमीटरची सरकासरकी होतेच आणि कण्याचा रंग मुखपृष्ठावर डोकावतो. पहिल्या पुस्तकाला पार्श्वभूमीचा एकच रंग मागून पुढे सलग न्या. ग्रंथालय कण्याच्या तळाशी चिठ्ठी चिकटवतं, तेव्हा तिथे नाव किंवा उठावाचा रंग ठेवू नका. चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारा जादा रंगीत भाग) सोडा, नाहीतर कटिंगनंतर गडद कव्हराच्या कडेला पांढरी किनार दिसेल.

मलपृष्ठावरचा मजकूर गडद पार्श्वभूमीवर पांढऱ्यात असेल तर अक्षरं १० पॉइंटच्या खाली नकोत आणि बारीक वळणाचा फॉण्ट नको. आजूबाजूची शाई मात्रांत आणि 'थ', 'भ', 'श' यांच्या पोकळ्यांत शिरते. लेखकाचा रंगीत फोटो बहुधा तुमच्या तिन्ही रंगांशी भांडतो. तो कृष्णधवल करा.

आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो आणि लेखक स्वतः अर्ज करू शकतो. त्याचा बारकोड पांढऱ्या चौकोनात काळ्या रेघांचाच ठेवा. रंगसंगतीसाठी म्हणून रेघा लाल किंवा केशरी करू नका. स्कॅनरचा उजेड सहसा लाल असतो; त्याला लाल रेघ आणि पांढरा कागद सारखेच दिसतात.

पायरी ९: ई-पुस्तकाचं कव्हर वेगळं काढा

छपाईची सीएमवायके फाइल तशीच चढवू नका. किंडलसाठी आरजीबी फाइल, उंची २५६० आणि रुंदी १६०० पिक्सेल. मुखपृष्ठ पांढरं किंवा फार फिकं असेल तर साइटच्या पांढऱ्या पानात त्याची कड विरघळते. भोवती तीन-चार पिक्सेलची मध्यम राखाडी रेघ द्या. इथे रंग छपाईपेक्षा थोडे उजळ ठेवायला हरकत नाही.

पायरी १०: प्रूफ पाहा, सही करा

पीडीएफ पाहून होकार देऊ नका. छापलेलं, लॅमिनेशन केलेलं, घडी घातलेलं एक कव्हर मागा. पाचशेहून कमी प्रती डिजिटलवर निघत असतील तर एक संपूर्ण प्रत बांधून मागितली तरी फार खर्च येत नाही. ऑफसेटवर (प्लेट बनवून छापणाऱ्या यंत्रावर) छोटी कामं बऱ्याचदा एकाच मोठ्या शीटवर इतरांच्या कामांसोबत छापली जातात. शेजारच्या कामाला जास्त लाल लागला की तुमचाही रंग थोडा सरकतो, म्हणून तसं होणार आहे का हे आधीच विचारा. रंगाबाबत अडून बसायचं असेल तर कव्हर स्वतंत्र छापायला सांगा.

प्रूफ पसंत पडलं की त्याच्या दोन प्रतींवर सही आणि तारीख टाका. एक छापखान्याकडे, एक तुमच्याकडे. सगळी छपाई या प्रतीशी ताडून पाहायची. तिन्ही रंगांचे आकडे, कार्डाचं वजन, लॅमिनेशनचा प्रकार आणि मूळ फाइल एका फोल्डरमध्ये जपा. सहीची प्रत बंद कपाटात ठेवा, उघड्या शेल्फवर नको: उन्हात पिवळी आणि मॅजेंटा शाई आधी उडते आणि मागे निळसर कव्हर उरतं. दुसरी आवृत्ती काढाल तेव्हा छापखान्याला शेल्फवरची नव्हे, ही कपाटातली प्रत दाखवा.